पाळकाच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा?

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याचा आपल्याशी काय संबंध? विषय आहे ख्रिस्ती धर्मसेवकांचं शिक्षण आणि त्याचा खर्च. पण थोडं थांबा. यात अमेरिका आहे, अहमदनगर आहे, पुण्याची रमण्यातली दक्षिणा आहे, आणि शेवटी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा एक माणूस आहे. शिवाय यात ईएमआय आहे, म्हणजे तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा विषय आलाच.

आधी प्रश्न नीट मांडतो. चर्चमध्ये उपासना चालवणारा, लग्न लावणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, मेलेल्याला माती देणारा जो माणूस असतो, त्याला मराठी प्रोटेस्टंट मंडळी पाळक म्हणतात. पाळक व्हायला सेमिनरीत तीन-चार वर्षं शिकावं लागतं. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची सेमिनरी. दोन्हीकडे फी. बाहेर पडताना डोक्यावर कर्ज, आणि समोर नोकरी कुठली, तर छोट्या गावातल्या चर्चची, तुटपुंज्या पगाराची. हा गुंता तिथे इतका वाढला की लिली एन्डाउमेंट नावाच्या मोठ्या धर्मादाय संस्थेने गेल्या दशकात सेमिनरींना यासाठी वेगळी अनुदानं दिली: विद्यार्थ्यांवरचं कर्ज कमी कसं होईल ते बघा, म्हणून.

मला हे का महत्त्वाचं वाटलं ते सांगतो. मी बीटेक एज्युकेशन लोनवर केलं. लोन घेतलं याचं मला वाईट वाटत नाही, त्याच्यामुळेच शिकता आलं. पण पहिली नोकरी निवडताना माझ्या डोक्यात एकच आकडा होता, महिन्याचा हप्ता. गावाकडे शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा विचार होता, तो त्या आकड्यात बसत नव्हता. संपला विषय. कर्ज तुमच्याकडून फक्त पैसे घेत नाही, तुम्ही कुठे राहायचं आणि कोणासाठी काम करायचं हेही ते ठरवतं. इंजिनिअरच्या बाबतीत हे चालून जातं. पण ज्याचं कामच गरिबाच्या दारात जाण्याचं आहे, त्याचं काय?

उत्तर सोपं वाटतं: फुकट शिकवा. पण इतिहास चाळला की लक्षात येतं, फुकट शिक्षणालाही हप्ते असतात. ते पैशात नसतात, एवढंच.

हे आपल्याला नवीन नाही. पेशवाईत पुण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जायची. दूरदूरहून शास्त्री यायचे, परीक्षा व्हायची आणि विद्वत्तेप्रमाणे रक्कम मिळायची. पैसा पेशव्यांचा, म्हणून विद्या कुठली, तर पेशव्यांच्या लेखी जी विद्या ती. पेशवाई गेली, इंग्रज आले. त्यांनी दक्षिणेतला काही पैसा वळवून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे त्याच निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली, आणि दक्षिणा फेलोही नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेत दक्षिणा फेलो होते. निधी तोच, पण देणारा बदलला आणि तयार होणारा माणूस बदलला. वेदोक्त कर्म जाणणारा शास्त्री होता, तिथे अर्थशास्त्रावर बोलणारा रानडे आला. चांगलंच झालं म्हणा. पण मुद्दा लक्षात ठेवा, शिकवणीचा खर्च जो करतो तो शिकवणीचा आकारही ठरवतो.

आता चर्चकडे येऊ. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की प्रत्येक कॅथलिक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी. त्यात गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावं, श्रीमंतांच्या मुलांनी स्वतःच्या खर्चाने शिकावं, आणि सेमिनरीसाठी चर्चच्या उत्पन्नांवर कर बसवावा. चारशे साठ वर्षांपूर्वीची ही योजना आजही आधुनिक वाटते. पण त्याच परिषदेचा दुसराही एक नियम होता. दीक्षा घेणाऱ्याकडे पोटापाण्याची सोय हवी: चर्चचं वेतन असलेलं पद, नाहीतर स्वतःची मालमत्ता. हेतू वाईट नव्हता. पाद्रीबुवांनी भीक मागत फिरू नये, एवढाच होता. पण ज्याच्या घरी जमीन नाही त्याच्यासाठी दार अरुंद झालं. आपल्या शेजारच्या गोव्यात स्थानिक पाद्री पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ब्राह्मण आणि चारडो घरांतून आले. जातीचा अभिमान हे त्याचं कारण होतंच, पण जमीन कोणाकडे होती हेही एक कारण होतं. म्हणजे पहिला पर्याय, विद्यार्थ्याने स्वतःची सोय स्वतः करायची, तर त्यात कर्ज नाही, पण गरीबही नाही.

दुसरा पर्याय कर्जाचा. १८१५ साली बोस्टनमध्ये अमेरिकन एज्युकेशन सोसायटी निघाली. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांची गरीब, देवभीरू मुलं कॉलेजात घालून त्यांना पाळक करायचं, हे तिचं काम. सुरुवातीला मदत ही मदत होती. १८२०च्या दशकात सोसायटी कर्जाकडे वळली. फुकट दिलं की मुलं लाडावतात, असा युक्तिवाद. शिवाय मुलांकडून वेळोवेळी जमाखर्चाचा तपशील मागितला जायचा. किती मिळवलं, किती खर्चलं, सगळं लिहून द्या. म्हणजे धर्मसेवेसाठी एज्युकेशन लोन ही कल्पना निदान दोनशे वर्षं जुनी आहे, आणि तिच्याबरोबर येणारा हिशेबनीसही.

तिसरा पर्याय देणगीचा. मॅसॅच्युसेट्समधली अँडोव्हर सेमिनरी १८०८ साली सुरू झाली. धनिकांनी भरघोस देणग्या दिल्या, त्यामुळे शिकवणीची फी नव्हती. कर्जाचा प्रश्नच नाही, वा! पण देणगीदारांनी एक अट घातली. प्राध्यापकांनी ठरावीक मतपत्रिकेवर सही करायची, आणि ती दर पाच वर्षांनी पुन्हा करायची. आपल्याकडे सर्व्हिस बाँड असतो ना, तसा हा श्रद्धेचा बाँड.

हे अँडोव्हर प्रकरण नीट लक्षात ठेवा, कारण इथूनच धागा महाराष्ट्रात येतो. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. नॉट अँडोव्हरमध्ये शिकलेले. त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, त्याचं मोठं केंद्र झालं. आपल्या कोकणातही तेव्हा हालचाल होती. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, हर्णैलाही त्यांचं ठाणं होतं. मुंबईचे प्रसिद्ध डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले तेव्हा त्यांनी सुरुवातीचं मराठी हर्णैला गिरवलं. पण स्कॉटिश मंडळींनी नंतर मुंबई-पुण्याकडे मोहरा वळवला.

अहमदनगरला प्रश्न उभा राहिला तो असा: गावोगाव मराठी पाळक हवेत, त्यांना कोण शिकवणार आणि कोण पोसणार? १८५४-५५ मध्ये बोस्टनच्या बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. चर्चने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. आणि पाळकाला इंग्रजीतून नको, मराठीतून शिकवा. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरीत जाईल, कारण तिथे पगार जास्त. गावातली मंडळी जेवढा देऊ शकतील तेवढ्यात राहणारा पाळक हवा.

आता हे ऐकायला छान वाटतं. पण दुसऱ्या बाजूने बघा. नगर जिल्ह्यातले बहुतेक नवे ख्रिस्ती महार वस्त्यांमधले होते. इंग्रजी ही त्यांच्या मुलांसाठी वर जायची शिडी होती. सातासमुद्रापलीकडच्या साहेबाने ठरवलं, तुम्हाला एवढंच शिक्षण पुरे. शिक्षण फुकट, पण किती उंच चढायचं ते आम्ही सांगणार. खरं तर दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, आणि म्हणूनच हा प्रश्न इतका अवघड आहे.

१८७८ मध्ये अहमदनगरला थिऑलॉजिकल सेमिनरी सुरू झाली. तिचे कर्ते रॉबर्ट ॲलन ह्यूम. हे मुंबईत जन्मलेले, मिशनऱ्याचे चिरंजीव आणि शिक्षण अँडोव्हरचं. सेमिनरीचा भार मिशनवर, आणि मिशनचा पैसा अमेरिकेतल्या चर्चेसच्या वर्गणीतून. म्हणजे कुठल्यातरी गावातल्या आजीबाईंनी रविवारी टाकलेलं नाणं बोस्टनमार्गे नगरला यायचं. विद्यार्थी कर्जमुक्त.

आणि इथे ती गोष्ट घडली जी मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त बोलकी वाटते. १८८६ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. तिथे अँडोव्हरमध्ये वाद पेटला होता. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावच कधी पडलं नाही, त्यांना मृत्यूनंतर एखादी संधी मिळेल का? काही प्राध्यापक म्हणत होते, मिळू शकेल. ह्यूमनी जाहीरपणे या मताला सहानुभूती दाखवली. साहजिक आहे. नगरला जो माणूस रोज लोकांमध्ये बसतो, त्याला कोणीतरी विचारणारच की आमचे वाडवडील कुठे गेले? त्याला उत्तर द्यायचं होतं. पण बोर्डाने ह्यूमना परत पाठवणं अडवून धरलं. बरीच चर्चा झाली, आणि १८८७ मध्ये ते एकदाचे हिंदुस्थानात परत येऊ शकले.

लक्षात घ्या, हे एखाद्या नेटिव्ह सहाय्यकाच्या बाबतीत झालं नाही. सेमिनरी काढणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या बाबतीत झालं. ह्यूमना कोणाचा पै-पैसा देणं नव्हतं. तरी त्यांनी नगरच्या माणसाला काय सांगायचं, यावर बोस्टनमध्ये बैठका बसल्या. साहेबाची ही गत, तर त्याच्या हाताखालच्या मराठी पाळकाची काय असेल?

तर आता करजगावकडे वळू.

नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा. शाळेत आपण त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून शिकतो. ‘फुलांमुलांचे कवी’ ही त्यांची ओळख. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग अहमदनगर. ह्यूम यांच्याबरोबर काम केलं, सेमिनरीत शिकवलं. १९१२ पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू सांभाळली. पगार मिशनचा.

टिळकांना मिशनने वाईट वागवलं, असं चित्र मी उभं करणार नाही. ह्यूम आणि टिळक यांच्यात जिव्हाळा होता. पण टिळकांना एक गोष्ट सतत खुपत होती. हिंदुस्थानातलं ख्रिस्ती जीवन परदेशी पैशावर आणि परदेशी वळणावर चाललं आहे. लोक पाळकाकडे बघतात ते मिशनचा नोकर म्हणून. त्यांनी भजनं लिहिली, कीर्तनं केली, अभंग-ओवीच्या वळणावर ख्रिस्ताची गाणी रचली, ती आजही मराठी चर्चमध्ये गातात. पण त्यांच्या लेखी तेवढं पुरेसं नव्हतं. कीर्तनकाराचा पगार परदेशातून येतो हे श्रोत्याला ठाऊक असेल, तर श्रोता कीर्तन ऐकताना मनात वजाबाकी करत राहतो. मी ॲप बनवतो तेव्हा युजर हेच करतो की नाही? ॲप फुकट आहे, मग हे कोणाच्या पैशावर चालतं, माझं काय घेतात? तसंच.

टिळक काही या विचारात एकटे नव्हते. २५ डिसेंबर १९०५ रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. व्ही. एस. अझरिया, के. टी. पॉल ही त्यातली मोठी नावं. त्यांचं सूत्र होतं: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. साल बघा, १९०५. बाहेर स्वदेशीचं वारं होतं, आणि तेच वारं चर्चच्या खिडकीतूनही आत येत होतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यासी झाले. ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुवर्ग काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आता ही कल्पना बघा. मिशनच्या वार्षिक अहवालात नव्या ख्रिस्ती माणसांची संख्या लिहावी लागते, बाप्तिस्मा किती झाले ते मोजावं लागतं. पगारावर असताना अशी रेघ पुसणं सोपं नाही. पगार सोडल्यावर ती पुसता आली. मला वाटतं, त्यांच्या त्यागापेक्षा हे महत्त्वाचं आहे. त्यांनी पैसा सोडला म्हणून ते मोठे, असं नाही. पैसा सोडल्यावर त्यांना जे करता आलं ते बघा.

पण इथे थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि घर सांभाळणं म्हणजे काय हे ज्यांना भोगावं लागलं त्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल तर मला सांगायची गरज नाही, नसेल वाचलं तर हा भाग संपल्यावर लगेच वाचायला घ्या. नवऱ्याच्या मुक्तीचा खर्च घरात कोण भरतं, हे त्या पुस्तकाइतकं हसत-रडत कोणी सांगितलेलं नाही. पाळकाला कर्जातून मोकळं करायचं तर त्याच्या बायकामुलांचाही विचार त्यातच हवा. संन्यास हा एका माणसाचा मार्ग असू शकतो, सेमिनरीतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या वीस-पंचवीस जणांसाठी तो फंडिंग मॉडेल होऊ शकत नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. संन्यासाला दोन वर्षंही धड झाली नव्हती. दरबार संस्था म्हणून फार टिकला नाही.

मग टिकाऊ काय? याचं उत्तर मला महाराष्ट्रात नाही, मिझोरममध्ये सापडलं. तिथे १९१० साली मिझो बायकांनी एक प्रथा सुरू केली. नाव ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ. घरात दर वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. जमलेला तांदूळ चर्चला द्यायचा, तो विकून धर्मकार्याला पैसा उभा करायचा. तेव्हा मिझो माणसाकडे रोकड नव्हती, तांदूळ होता. ही प्रथा आजही चालू आहे, आणि मुठीमुठीने जमणारी रक्कम मोठी असते. आज मिझो चर्च आपले मिशनरी स्वतःच्या पैशावर बाहेर पाठवतं.

याचं मर्म काय? आपल्याकडे माधुकरी होती. गरीब विद्यार्थी पाच घरं फिरून अन्न आणायचा, किंवा वार लावून जेवायचा, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. त्यात अपमान होता, ज्यांनी भोगलं त्यांनी लिहून ठेवलंय. मिझो बायकांनी त्यातला अपमान काढून टाकला. विद्यार्थी दारोदार जात नाही, तांदूळ चालत चर्चमध्ये जातो. आणि कुठल्या पाळकाला कुठल्या घरची मूठ मिळाली हे कोणालाच कळत नाही. एक मोठा देणगीदार असला की तो सही मागतो. हजारो मुठी असल्या की सही मागणार कोण? तरीही पाळक त्या हजारो घरांना बांधील राहतोच. ते ओझं त्याला हवंच असतं, कारण त्याला सेवा करायची आहे ती त्याच घरांची.

आज पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यात आलेली. अशा ठिकाणी शिकणाऱ्या अनेकांना त्यांचं चर्च, डायोसिस किंवा एखादी संस्था स्पॉन्सर करते. म्हणजे अमेरिकेतल्या मुलासारखं बँकेचं कर्ज आपल्या पाळकावर सहसा नसतं. बरं आहे. पण माझा प्रश्न तिथेही तोच: स्पॉन्सर एकच आहे की अनेक? तो जवळचा आहे की लांबचा? त्याच्याशी मतभेद झाला तर तिसऱ्या वर्षाची फी कोण भरेल?

आमच्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत ‘फ्री’ या शब्दावर जुना वाद आहे. फ्री म्हणजे फुकट की फ्री म्हणजे मुक्त? इंग्रजीत एकच शब्द असल्याने समजावून सांगावं लागतं. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. अँडोव्हरचं शिक्षण फुकट होतं. नगरचंही फुकट होतं. टिळकांनी मागितलं ते मुक्त, आणि ते मिळवायला त्यांना पगार सोडावा लागला. मिझो बायकांनी पगारही ठेवला आणि माणूसही मोकळा ठेवला, एका मुठीने.

हे फक्त चर्चचं नाही, मंडळी. तुमच्या गावात वेदपाठशाळा असेल, मदरसा असेल, बुद्धविहारात शिकणारी मुलं असतील, कीर्तन शिकणारा एखादा पोरगा असेल. त्याच्या शिक्षणाला कोणी पैसे देत असेल तर चांगलंच आहे, पण किती हातांनी देतंय तेही विचारा. आणि तुमच्याकडे मूठभर असेल तर मूठभर द्या, वाट बघत बसू नका मोठ्या देणगीदाराची.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात बाणकोटचा किल्ला, आणि इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया का ठेवलं ते बघू. तोपर्यंत नमस्कार, येवा.